शेजारच्या सीटचा ब्रेक

शेजारच्या सीटला ब्रेक नसतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पदवीला तिचा विषय भौतिकशास्त्र होता. तरीही पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की तिचा उजवा पाय आपोआप ताठ व्हायचा आणि समोरच्या मॅटवर रुतून बसायचा. घरी आल्यावर पोटरीत गोळे यायचे. नवऱ्याने एकदा सगळ्यांसमोर तिची नक्कल करून दाखवली होती, डोळे वटारून, पाय ताणून. तेव्हापासून नणंद तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायची. "काय इन्स्पेक्टर, आज किती वेळा थांबवलंस माझ्या भावाला?" तीही हसायची. हसण्यावारी नेलं की विषय लवकर संपतो, एवढं सहा वर्षांच्या संसारात ती शिकली होती.

गाडी तिशीला टेकलेली. बुटकी, लांब नाकाची, शेवाळी रंगाची, दोनच सीटांची. त्याने ती घेतली तेव्हा मुलगी पोटात होती. "दोनच सीटा?" तिने विचारलं होतं. "मग? आपण दोघंच तर आहोत," तो म्हणाला होता, आणि तिच्या पोटाकडे न बघता बॉनेटवरून हात फिरवत राहिला होता.

आता मुलगी चार वर्षांची झाली होती. सोमवारपासून तिची शाळा सुरू होणार होती आणि ऑफिसला जाताना तिला सोडायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. शेजारच्या सीटवर छोटी खुर्ची बांधायची, तीत मुलगी. म्हणजे त्या सीटवर आई नसणार.

म्हणून तिने ब्रेकचा विषय काढला. शाळेचं ऐकून मिस्त्रीने सांगितलं होतं की नव्या मॉडेलच्या मोठ्या डिस्क आणि दणकट कॅलिपर या गाडीला बसतात. एक संच त्याने आणून ठेवला होता. रविवारपर्यंत कळवा, म्हणाला होता.

"कारखान्यातून निघाली तशीच आहे ही," नवरा म्हणाला. "नटबोल्टसुद्धा मूळचे. तू तुझे दागिने वितळवून पातेली करशील का?"

"दागिन्यांत मी पोरीला बसवत नाही."

"गाडी थांबते ना? मग? उगाच नसती भुणभुण."

शेवटी शनिवारी सकाळी तो तिला घेऊन मिस्त्रीकडे गेला, तेही तिचं तोंड बंद करण्यासाठी. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे काँक्रीटचं आवार. मिस्त्री साठीचा, कमी बोलणारा. त्याने पुढचं चाक काढलं, बॅटरी मारून आत पाहिलं, दुसरं चाक काढलं. मग आत बसून पेडल दाबलं. पेडल तळाला जाऊन टेकलं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तळाला.

"साहेब, गाडी आणली कशी?"

"कशी म्हणजे? चालवत."

"ते कळलं. थांबवली कशी?"

ब्रेकचं लायनर संपून लोखंडावर लोखंड घासलं होतं. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं आणि पाइपात हवा शिरली होती. आजचं नाही हे, मिस्त्री म्हणाला, दोन-तीन महिन्यांचं आहे. नवऱ्याला ते पटलं नाही. जुन्या गाडीला पाय ओळखीचा लागतो, तो म्हणाला. मिस्त्रीने वाद घातला नाही. चाकं चढवली, एकट्यानेच गाडी आवारात फिरवली, आणि बैलाच्या चालीने येत ती जुन्या टायरांच्या ढिगात घुसवली. पायी चालणाऱ्या माणसालाही तिला मागे टाकता आलं असतं, इतक्या हळू. पण थांबली नाही.

"बघा," मिस्त्री उतरत म्हणाला.

"सरका, मी दाखवतो." नवऱ्याने तिला खूण केली. "बस."

ती बसली. त्याने वेग घेतला, आवाराच्या टोकाला आखलेल्या पिवळ्या पट्ट्याआधी ब्रेक मारला. तिचा पाय ताठ झाला. पायाखालचं काहीतरी किंचित आत गेलं. गाडी पट्ट्यावर येऊन अशी थांबली, जशी टेबलावर कोणी वाटी ठेवावी.

नवरा जिंकल्यासारखा हसला. मिस्त्री मात्र चाकांकडे बघत नव्हता. उघड्या दारातून तो तिच्या पायांकडे बघत होता.

निघताना हात पुसत तो हळूच म्हणाला, "वहिनी, शाळेत सोडायला तुम्ही पण जाणार ना रोज?"

"दोनच सीटा आहेत."

त्याने मान हलवली आणि आत गेला.

त्या दुपारी नवरा झोपलेला असताना ती खाली गेली आणि मॅट उचलून पाहिली. खाली काळा गालिचा, गालिच्याखाली वाळलेला गोंद, गोंदाखाली पत्रा. तिने पत्रा बोटांनी दाबला, मुठीने ठोकला. तो तसूभरही हलला नाही. तार नाही, पाइप नाही, काही नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं.

गेल्या तीन महिन्यांचं एकेक तिला आठवत गेलं. ती फोनवर बोलत असताना चौकात गाडी झेब्रा पट्टे ओलांडून गेली होती. सर्दीने शिंकताना तिचा पाय सुटला तेव्हा तो म्हणाला होता, "आज ब्रेक जरा मऊ वाटतोय." आणि एकटा असा तो या गाडीने कुठेच गेला नव्हता. दोघांची ऑफिसं एकाच इमारतीत होती, जाता-येता ती शेजारी असायचीच. आता तिची पाळी बदलली होती. म्हणूनच तर मुलीचं ठरलं होतं.

हे कुणाला सांगणार? भौतिकशास्त्रवाली बाई म्हणे पत्रा दाबून गाडी थांबवते. नणंदेला वर्षभर पुरलं असतं.

"उद्या उतारावर तीनदा थांबवून दाखवतो," रात्री जेवताना तो म्हणाला. "थांबली तर विषय बंद. कायमचा."

"आणि नाही थांबली तर?"

"तर तुझे ब्रेक."

ती रात्रभर एकच हिशेब करत होती. पाय दाबला तर गाडी थांबेल आणि सोमवारी मुलगी त्या सीटवर बसेल. नाही दाबला, तर गाडी थांबणार नाही, आणि त्याच्या डोळ्यांसमोर सिद्ध होईल. उताराच्या शेवटी वखारीची भिंत होती, पण डावीकडे मोकळं गवत होतं. तो वळवेल. तेवढा हात त्याचा चांगला होता.

सकाळी नणंद मुलीजवळ बसायला आली. "जपून गं इन्स्पेक्टर," ती दारातून ओरडली, "गाडीला भोक पाडशील!"

रस्ता रिकामा होता. पहिल्यांदा तिने ठरवून पाय सैल ठेवला. पण भिंत मोठी होत आली आणि पायाने ऐकलं नाही. गाडी थांबली.

"एक," नवरा म्हणाला.

दुसऱ्यांदा तिने गुडघा हातांनी धरून ठेवला. भिंतीच्या विटा मोजता येऊ लागल्या तेव्हा हात सुटले. गाडी थांबली.

"दोन. अजून बघायचंय?"

"हो."

तिसऱ्यांदा, गाडी उताराला लागताच तिने दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घालून बसली.

"हे काय?"

"काही नाही. पोटरी दुखतेय."

भिंत जवळ आली. त्याने ब्रेक दाबला.

पेडल तळाला गेलं. तिने ते पाहिलं. त्यानेही पाहिलं.

त्याने पुन्हा दाबलं. गाडीने वेग घेतला.

"अगं..." तो म्हणाला. त्या आवाजात तिने पहिल्यांदाच भीती ऐकली, आणि तिला क्षणभर बरं वाटलं. त्याचा हात स्टिअरिंगवर होता, पण तो वळवत नव्हता. नुसता गोठला होता.

तिने पाय सोडायला गुडघा उचलला. तो सीटच्या पट्ट्यात अडकला.

आणि गाडी थांबली.

हळूच. भिंतीपासून हातभर अंतरावर. वाटी ठेवल्यासारखी.

समोरची मॅट रिकामी होती. तिचे पाय अजून सीटवरच होते.

मग त्याने श्वास सोडला, घसा खाकरला आणि त्याचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला.

"तीन," तो म्हणाला. "झालं समाधान?"

त्याने तिला इमारतीखाली उतरवलं. इंजिन बंदही केलं नाही. तसाच मिस्त्रीकडे निघाला, संच परत पाठवायला सांगायला. एकटा. तिने काच वाजवली, त्याने हात हलवला.

ती धावतच तीन जिने चढली. दार नणंदेनेच उघडलं. आज ती हसत नव्हती.

"ही बघ ना कशी करतेय. मघाशी चित्र काढत होती. एकदम खडू टाकला, खुर्चीच्या टोकाशी सरकली आणि पाय ताठ करून बसली. काय झालं विचारलं, तर म्हणते, आईने पाय वर घेतला."

मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. डावा पाय लोंबकळत होता. उजवा फरशीवर टेकला होता. दाबून बोटं पांढरीफटक पडली होती.

"ऊठ बाळा. पाय दुखेल."

"बाबा अजून पोचले नाहीत."

नणंदेने पडलेला खडू उचलून टेबलावर ठेवला.

तिने शेजारची खुर्ची ओढली. मुलीच्या पावलाजवळ आपलं पाऊल ठेवलं आणि दाबलं. सगळा भार टाकून, दात आवळून दाबलं. फरशी कडक होती, गार होती. नुसती फरशी होती.

"तुझा नाही लागत आता, आई," मुलगी समजूत घातल्यासारखी म्हणाली, आणि वळण आल्यासारखी खुर्चीत जराशी डावीकडे कलली.