देशपांडे-सामा, दोन जण

क्योतो स्टेशनसमोर सकाळी साडेआठला असुका या जुन्या गावाच्या सहलीची बस उभी होती आणि पांढरे हातमोजे घातलेल्या गाइडबाई, निशिदा-सान, यादीवर खुणा करत होत्या. कादंबरीनं धापा टाकत नाव सांगितलं, तशी बाईंची कळी खुलली आणि त्यांनी नावापुढे आदराचं 'सामा' लावलं.

"देशुपांदे-सामा, दोन जण. तुमचे यजमान केव्हाचे येऊन बसलेत. सहावी रांग."

कादंबरी विद्यापीठात यीस्टवर संशोधन करायची. वय अठ्ठावीस, आणि तिच्या माहितीप्रमाणे तिला यजमान नव्हते. पण मागे सात-आठ आजी-आजोबा शिस्तीत उभे होते, त्यांचा खोळंबा करणं तिच्या जिवावर आलं. ती निमूट सहाव्या रांगेपाशी गेली. खिडकीजवळचा चष्मेवाला तरुण लगबगीनं उठला आणि चक्क मराठीत म्हणाला, "या. मी तुमचा नवरा. सौमित्र देशपांडे."

झालं होतं ते एवढंच. दोघांनी वेगवेगळी, एकेक जागा राखली होती. पण जपानात लग्न झालं की नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं, तसा कायदाच आहे. एका आडनावाचे दोन अनोळखी भारतीय एकाच बसनं जातील, हे सहल कंपनीतल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसणार. त्यांनी आपुलकीनं दोघांना शेजारी बसवून दिलं होतं.

"आपण सांगू या ना त्यांना," कादंबरी म्हणाली.

"सांगू. पण मग त्या दिवसभर वाकून वाकून माफी मागतील. बाईंच्या कमरेचा विचार करा."

कादंबरीला हसू आलं. तिथंच ती फसली, पण हे तिला कळायला दुपार उजाडावी लागली.

सौमित्र मुंबईच्या एका बँकेचा माणूस. तीन वर्षांपासून तोक्योत होता, तिथल्या निशी-कसाई भागात राहायचा. आता मुदत संपली होती आणि पुढच्या सोमवारी त्याचं विमान होतं. जाण्याआधी राहिलेलं काही पाहून घ्यावं म्हणून तो आला होता. हे त्यानं सहज सांगितलं, तिनंही सहज ऐकलं. मग उगाचच खिडकीबाहेर बघत मनाशी मोजलं... आठ दिवस.

असुकाला बारीक पाऊस लागला होता. शेतांच्या बांधांवर लालभडक लिलीची फुलं उभी होती. निशिदा-साननी जोडप्यामागे एक अशा पारदर्शक छत्र्या वाटल्या आणि हातातलं निशाण उंच धरून चालू लागल्या.

"तुमचा खांदा भिजतोय," कादंबरी म्हणाली.

"लग्नाला चार तास झाले. अजून 'तुम्ही'च?"

"माझी आई बाबांना तीस वर्षं अहो म्हणतेय."

"मग म्हण की अहो. मी कुठं नको म्हणतोय?"

तिनं तोंड फिरवलं, पण छत्री मात्र त्याच्या बाजूला कलती केली.

आधी पाहायची होती ती चौदाशे वर्षांपूर्वीची कबर म्हणजे नुसते अजस्र दगड. वरची माती केव्हाच वाहून गेलेली. आतल्या गारव्यात मंडळी फोटो काढत होती. सौमित्र एका दगडावर तळवा टेकवून उभा राहिला.

"हे भूकंपात हललं नसेल, नाही?" ती म्हणाली. ती स्वतः २०११ च्या त्या मोठ्या भूकंपानंतर आठ महिन्यांनी जपानात आली होती. "तू कुठं होतास त्या दिवशी?"

"ऑफिसात. गाड्या बंद, फोन बंद. निशी-कसाईपर्यंत तीन तास चालत गेलो. रस्ताभर माणसं, सगळी झपाझप चाललेली. प्रत्येकाला घरी कुणीतरी होतं ना... मी आपला सावकाश चालत होतो. घाई करावी असं कुणी नव्हतंच."

त्या घरी आपण असायला हवं होतं, असं कादंबरीला वाटलं. इतकं स्पष्ट वाटलं की ती घाबरलीच.

बाहेर सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. "ओकुसान, यजमानांच्या आणखी जवळ," निशिदा-सान हातमोज्यानं खुणावत म्हणाल्या. ओकुसान म्हणजे कुणाची तरी बायको. ती सरकली. त्याचा भिजलेला खांदा तिच्या खांद्याला टेकला आणि फोटो निघाल्यावरही दोघं क्षणभर हलली नाहीत.

शेवटी दगडी कासव पाहायचं होतं. शेताकडेला बसलेलं, झोपाळू डोळ्यांचं. निशिदा-साननी दंतकथा सांगितली. हे कासव हळूहळू दिशा बदलतं. सध्या नैर्ऋत्येकडे बघतंय. ज्या दिवशी ते पश्चिमेला तोंड करील, त्या दिवशी सगळं खोरं चिखलात बुडेल.

"पश्चिमेलाच तर चाललोय मी," सौमित्र म्हणाला.

"मग बुडालंच," कादंबरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही... पाऊस वाढला, म्हटलं."

परतीच्या वाटेवर फोटोचा फॉर्म आला. एका कुटुंबाला एक प्रत, टपालानं घरपोच. खरं सांगून दुसरी मागायची हीच वेळ होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुझा पत्ता सांग. मी तर इथं नसेन," म्हणत त्यानं फॉर्म भरला.

क्योतोला उतरल्यावर निशिदा-साननी त्याला थांबवून काहीतरी विचारलं. कादंबरी लांब उभी राहून छत्रीचं पाणी झटकत होती. मग त्याच्या तोक्योच्या बुलेट ट्रेनची वेळ झाली. ई-मेलचे पत्ते दिले-घेतले गेले. "काळजी घे." "तूही." बस्स.

नऊ दिवसांनी त्याची मेल आली, "सुखरूप पोहोचलो." हिनं दोन तास विचार करून उत्तर धाडलं, "छान." एवढी शिकलेली मुलगी, पण सुचलं ते छान. पुढे दोन आठवडे दोन्हीकडे शांतता. कादंबरीला त्याची आठवण प्रयोगशाळेत यायची, सायकलवर यायची, आणि पावसात तर फारच यायची.

मग पाकीट आलं. 'देशुपांदे-सामा' असा पत्ता. फोटोचा बोटभर वरचा काठ बाहेर आला, ओले दगड आणि आभाळ दिसलं, तेवढ्यात एक चिठ्ठी खाली पडली. परक्या बाईला वाचता यावी म्हणून निशिदा-साननी ती सोप्या अक्षरांत लिहिली होती.

"भारतातल्या आईवडिलांसाठी आणखी एक प्रत पाठवू का, असं मी आपल्या यजमानांना विचारलं होतं. ते म्हणाले, नको, एकच पुरे. आम्ही दोघं शेजारी बसून पाहू. हे ऐकून मला फार बरं वाटलं."

कादंबरीनं चिठ्ठी तीनदा वाचली. डोळे पुसले. मग फोटोचा तो बोटभर काठ अलगद पाकिटात ढकलला, पाकीट चिकटवलं आणि मेल लिहायला बसली. या वेळी तिला मुळीच विचार करावा लागला नाही.

"फोटो आला. मी अजून पाहिलेला नाही. कधी येतोस?"