मधली जागा

मोबाईल ठेवा बाजूला, मग सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे. तो टेम्पोतून मैदा-साखर पोचवायचा. आम्ही त्याला पीठवालाच म्हणायचो.

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. रात्री दहाच्या सुमारास तो वळणावरच्या छोट्या लॉजवर शेवटचं पोतं टाकायला गेला. सहा खोल्यांचं लॉज. पण मुक्कामाला येणारे खोलीपेक्षा तिथल्या घरच्या केक-बिस्किटांसाठी यायचे. मुलगा पीठ मळायचा, आई आकार द्यायची, बाप ओव्हन सांभाळायचा. तिघं एकाच टेबलाशी, मुलगा मध्ये. त्याच्या तोंडाची टकळी अखंड चालू. आईला हसवायचा आणि बोलण्यात गुंगवून बापाची बिस्किटं करपवायचा. पीठवाल्याशी त्याची चांगली गट्टी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये, लॉजसमोरच्याच रस्त्यावर, ट्रकने त्या मुलाला मोटरसायकलसकट चिरडलं.

पीठवाला पोचला तेव्हा पाटीचा दिवा बंद होता. एकाही खोलीत माणूस नव्हता. मग एवढा मैदा कशाला लागतो? हे मनात घोळवतच तो पोतं खांद्यावर घेऊन मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला.

मुलाची आई, म्हणजे काकू, टेबलाच्या एका टोकाला बिस्किटं कापत होत्या. काका दुसऱ्या टोकाला, ओव्हनपाशी. पीठवाला दोघांच्या मधून पुढे निघाला.

"तिथून नको," काका हळूच म्हणाले. "मागून ये."

"मधली जागा त्याची आहे ना," काकू म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात.

टेबलाच्या मधोमध पिठाचा गोळा होता. तो दबला. उलटला. पुन्हा दबला.

हात नव्हते.

पीठवाल्याला वाटलं, दिवसभर गाडी चालवून आपलेच डोळे दमलेत. तेवढ्यात काकांनी ओव्हनमधून ट्रे काढला. हातात फडकं न घेता. बिस्किटं पांढरीफटक, कच्ची.

"कितीही वेळ ठेवा, भाजतच नाहीत," काका म्हणाले. "सकाळी मागे पुरून टाकतो. रात्री पुन्हा..."

"काका, माझ्याबरोबर चला. दोघंही. आत्ताच्या आत्ता."

"ती यायची नाही. आणि तिला इथे टाकून मी कुठे जाऊ?"

काकूंनी वर पाहिलं. "तो दमलाय रे. तू जरा हात लावतोस का?"

त्याला नाही म्हणवेना. बाह्या सरकवल्या. गोळ्यात बोटं घातली. गार... हाडापर्यंत गार. आणि आतून कुणीतरी बोटं धरली.

घट्ट. बुडणारा माणूस धरतो तशी.

तेव्हा त्याला उमगलं. पोरगा मळत नव्हता. सुटायला बघत होता. रोज रात्री.

"काकू..." तो म्हणाला. "त्याला जायचंय. जाऊ द्या त्याला."

काकूंनी हातातली सुरी खाली ठेवली.

"कुठे?"

काका ओव्हनच्या दाराकडे बघत उभे. गोळ्यातली पकड सैल झाली. एकेक बोट सुटलं. जणू आतल्यानेही तो प्रश्न ऐकला होता.

पीठवाला बाहेर पडला. पाठीमागे पुन्हा तोच आवाज. धप्... धप्...

जानेवारीत काकू गेल्या. टेबलाशीच कोसळल्या. पीठवाला काकांना भेटायला गेला. मनात म्हणत होता, चला, निदान आता तरी तो पोरगा सुटला असेल. काकांना बाजूला घेऊन त्याने विचारलं, "आता थांबलं ना?"

काकांनी टेबलाकडे पाहिलं.

"आता दोघंही मध्ये असतात," ते म्हणाले. "मैदा जरा जास्त आणत जा."

त्याने आणला नाही. त्याला वाटलं, पीठच नसेल तर हे सगळं आपोआप बंद पडेल. काका फोन करत राहिले. मग फोन यायचे थांबले. काका झोपेतच गेल्याचं त्याला पुढे कळलं. त्यांच्या पुतण्याने वीज तोडली, भांडीकुंडी नेली आणि लॉजला कुलूप लावलं.

गेल्या महिन्यात त्या पुतण्याला ते टेबल हलवायचं होतं, म्हणून त्याने पीठवाल्याचाच टेम्पो बोलावला. कुलूप इतकं गंजलेलं की तोडावं लागलं. आत सगळीकडे धूळ. टेबलावर बोटभर. त्या धुळीत मधोमध... पिठाचा गोळा. ओला.

पुतण्या दारातच थांबला. पीठवाला पुढे गेला. शिवला नाही, नुसता वरून तळहात धरला.

आता ऊब येत होती. तिघांची.