गवत जातं तरी कुठे?

"ओढा! अरे जोर लावा जोर! ठोंब्या, तू ओढतोयस की टेकतोयस?"

"मी तोल सांभाळतोय!" ठोंब्या म्हणाला आणि तोल जाऊन गवताच्या गाठोड्यावर बसला.

भिंगरीने कपाळाला हात लावला. खेळाच्या मैदानावर तिच्या मामाचं गवत कापायचं मशीन घरघरत होतं. मशीनच्या मागची पिशवी भरली, की मामा ती ताडपत्रीवर रिकामी करायचा. ढीग झाला, की ताडपत्रीच्या चारी टोकांची गाठ मारायची आणि ते गाठोडं घसरत टेम्पोपर्यंत न्यायचं. टेम्पोला एक फळी तिरकी लावलेली असे. तिच्यावरून गाठोडं सरळ वर! "गवत उचलायचं नाही, ओढायचं!" हा मामाचा मंत्र होता. घामाघूम होऊन टोपल्या वाहणाऱ्यांना तो मनापासून हसायचा.

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती दिवसभर फिरायची, म्हणून सगळे तिला याच नावाने हाक मारत. सुट्टी लागली, की ती मामाकडे यायची. मामाचा मुलगा ठोंब्या तिच्यापेक्षा वर्षाने मोठा आणि दसपट आळशी. त्याची धाकटी बहीण चिंगी जाईल तिथे ठमी नावाची चिंध्यांची बाहुली घेऊन जायची आणि तासातासाला ती कुठेतरी विसरायची.

"चला, निघाली तिसरी खेप!" टेम्पोचे ड्रायव्हरकाका दार आपटत ओरडले. त्यांच्या खिशात मुलांसाठी लिमलेटच्या गोळ्या असत आणि तोंडात कायम गाणं. "हा गेलो नि हा आलो!"

"बघा!" मामा मशीन बंद करून म्हणाला. "याला म्हणतात काम! आधी दिवसाला दोन खेपा व्हायच्या, आता चार होतात! काका म्हणजे सोनं आहे सोनं!"

तेवढ्यात फाटकातून एक बाई ताडताड आत आल्या. शहरातल्या सगळ्या बागा नि मैदानं त्यांच्या देखरेखीखाली होती. त्यांना नुसतं 'बाई' म्हटलं, तरी माळी ताठ उभे राहत.

"बागेतलं तळं पाहिलंत का आज?" बाईंनी विचारलं. "पाणी काळं पडलंय. मासे वर येऊन मरताहेत. वास तर विचारूच नका! वरच्या नाल्यात कुणीतरी कापलेलं गवत फेकतंय. आणि या भागात गवत कापणारे तुम्ही एकटेच आहात."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. "बाई, शपथेवर सांगतो, माझं गवत सगळं खतडेपोत जातं. एक काडी इकडेतिकडे पडत नाही."

"मला शपथ नको, उत्तर हवंय. दोन दिवसांत मिळालं नाही, तर मैदानाचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

बाई गेल्या. मामाने मशीन पुन्हा सुरू केलं खरं, पण एरवी दोरीसारखा सरळ जाणारा त्याचा पट्टा वाकडातिकडा जायला लागला. मैदानाचं काम गेलं, की मामाकडे उरणार काय? दोन-चार बंगल्यांची अंगणं! भिंगरीला एका जागी उभं राहवेना.

"ठोंब्या, ऊठ! आपण नाल्याच्या कडेने वर जायचं. कोण गवत फेकतंय ते शोधून काढायचं!"

"आत्ता? जेवणाआधी?"

"मासे तुझ्या जेवणासाठी थांबलेत का मरायचे?"

तिघंही निघाली. बागेच्या मागून नाला वर जात होता. एका बाजूला बंद पडलेल्या गोदामांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला झुडपं. भिंगरी पुढे पळायची, मागे यायची, पुन्हा पुढे पळायची. चिंगी ठमीला खांद्यावर टाकून दुडुदुडु येत होती. ठोंब्या प्रत्येक दगडावर बसायची परवानगी मागत होता.

"ई! कसला वास!" चिंगीने नाक दाबलं.

शेवटच्या गोदामामागे नाल्याच्या उतारावर गवताचा हा एवढा ढिगारा पडला होता! खालचा भाग काळा पडून पाण्यात झिरपत होता. वरचं गवत मात्र हिरवंगार होतं. भिंगरीने त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

"बाप रे! आत गरम आहे! चहाच्या किटलीसारखं!"

"दाबून ठेवलेलं ओलं गवत असंच तापतं," ठोंब्या म्हणाला. आळशी असला, तरी बापाच्या धंद्यातलं त्याला सगळं कळायचं. "म्हणजे हे ताजं आहे. काल-परवाचं."

"मामाचं कालचं गवत तर डेपोत गेलं! म्हणजे हे त्याचं नाही! सापडला! कुणीतरी दुसराच आहे! चल, पळ, मामाला सांगू या!"

भिंगरी वळलीसुद्धा. पण ठोंब्या जागचा हलला नाही. तो ढिगाऱ्यातली मूठभर पाती निरखत होता.

"भिंगरे, तुझा हात बघ."

तिने हात पाहिला. बोटांना पांढरी भुकटी लागली होती. ढिगाऱ्यातल्या बऱ्याच पात्यांची टोकं पांढरी होती. चुना! धावण्याच्या शर्यतीसाठी मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. त्या रेघांवरचं गवत मामाने कालच कापलं होतं, आणि ती पांढरी टोकं बघून चिंगी "गवत म्हातारं झालं!" म्हणून नाचली होती. अशा रेघा दुसऱ्या कुठल्याच मैदानावर नव्हत्या.

"हे आपलंच गवत आहे," ठोंब्या हळूच म्हणाला.

भिंगरी मटकन खाली बसली. मामा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. मग? गवत मैदानावरून टेम्पोत जातं. टेम्पोतून...

"काका!" दोघंही एकदम म्हणाली.

आता सगळं लख्ख दिसायला लागलं. खतडेपो शहराबाहेर, मोठ्या पुलाच्या पलीकडे होता. मागे एकदा मामाबरोबर ती तिघं तिथे गेली होती, तर ठोंब्या जाताना एक झोप आणि येताना दुसरी झोप काढून मोकळा झाला होता. आणि काका मात्र 'हा गेलो नि हा आलो' करत चार-चार खेपा मारत होते!

"बाबाला सांगू या?" ठोंब्याने विचारलं.

"पुरावा काय? काका म्हणतील, पुलावर गर्दी नव्हती. मामाचा तर त्यांच्यावर केवढा विश्वास! तो आपल्यालाच ओरडेल." भिंगरी उठून येरझाऱ्या घालायला लागली. "आणि समजा, पटलं त्याला. मग गवत त्याचंच ठरलं ना! काम गेलंच की!"

"मग सांगायचंच नाही?"

खाली तळ्याकडे काळं पाणी संथ वाहत होतं. भिंगरीला वाटलं, आपण उगाच आलो इथे. कळलंच नसतं तर किती बरं झालं असतं! पण कळलं होतं. आता ते न कळल्यासारखं करून सुट्टीभर हुंदडायचं, हे काही तिला जमणार नव्हतं.

"सांगायचं," ती म्हणाली. "पण काकांना नाही म्हणताच येणार नाही, असं." तिची नजर चिंगीच्या खांद्यावर गेली. चिंगी लांब काड्या मोजत होती. भिंगरी ठोंब्याच्या कानात कुजबुजली.

"ठमी?" ठोंब्याचे डोळे विस्फारले. "अगं, चिंगी आभाळ डोक्यावर घेईल!"

"तेच तर हवंय!"

"मग तिला आधी सांगू या."

"वेडा आहेस का? ती पहिल्यांदा जाऊन काकांनाच सांगेल!"

दुसऱ्या दिवशी मैदानावर पहिलं गाठोडं बांधताना भिंगरीने इकडेतिकडे पाहिलं. बाकावर विसरलेली ठमी तिने गवतात खोल खुपसली आणि गाठ मारली. काकांनी जाताना तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली, तेव्हा तिने ती न खाता खिशात टाकली.

टेम्पो गेला. मैदानाचा एक कोपरा कापून होतो न होतो, तोच रिकामा होऊन परतही आला. आणि चिंगीला आठवण झाली.

"माझी ठमी! ठमी कुठाय?"

बाकाखाली शोधलं, फळीखाली शोधलं. चिंगीने असं काही भोकाड पसरलं, की फाटकाबाहेरची माणसं थांबून आत बघायला लागली.

"गवतात झोपवली असशील," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "गाठोड्यातून गेली असेल."

"मग गेली डेपोत!" मामा वैतागला. "चिंगे, आता थोडी ना मिळणार? दुसरी घेऊ."

"मला दुस्सलीऽऽ नक्को!"

काकांना लहान मुलांचं रडणं अजिबात बघवत नसे. ते कळवळून म्हणाले, "रडू नकोस ग माझी बाय! कुठे टाकलंय ते ठाऊक आहे मला. हा गेलो नि हा आलो!" आणि कुणी काही बोलायच्या आत टेम्पो फाटकाबाहेर पडला.

मामा पुन्हा मशीनकडे वळला. एक पट्टा कापला. पिशवी काढली, ताडपत्रीवर झटकली, पुन्हा लावली. दुसरा पट्टा सुरू करतोय, तर काका हजर! हातात ठमी.

"घे बाई तुझी राणी!"

चिंगीने ठमीला कवटाळलं आणि लगेच लांब धरलं. "शी! घाण वास येतोय!" ठमीच्या वेण्यांमधून काळं पाणी टपकत होतं.

"वा रे पठ्ठे!" मामा हसत म्हणाला. "एवढ्या लवकर..."

तो वाक्यातच थांबला. भिंगरी पुढे झाली. तिला बोलायचं होतं आणि पळूनही जायचं होतं.

"मामा," ती म्हणाली, "डेपोत फरशी आहे ना? कोरडी?"

मामाने ठमी हातात घेतली. वास घेतला. काल संध्याकाळी तो एकटाच तळ्यावर जाऊन आला होता. हाच वास त्याच्या डोक्यातून रात्रभर गेला नव्हता. त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली.

"कधीपासून?"

"पावसाळ्यानंतर," काका पुटपुटले. "पुलावर रांग, डेपोच्या दारात रांग. तुम्ही म्हणायचात, आणखी एक खेप झाली पाहिजे. एकदा गोदामामागे टाकलं. कुणी काही बोललं नाही. मग सवयच पडली, दादा. ते तळ्यात उतरेल, असं खरंच मनात आलं नव्हतं."

मामा ओरडेल, असं सगळ्यांना वाटलं. तो ओरडला नाही. "आणि चार खेपा झाल्या म्हणून टाळ्या पिटणारा मी!" एवढंच म्हणाला. मग हात पुसून फाटकाकडे चालायला लागला.

"मामा, कुठे चाललास?"

"बाईंकडे."

"पण तुझं काम जाईल!" भिंगरी धावत मागे गेली. "आपण गुपचूप साफ करू. मी करते! एकटी करते!"

"काल मी त्यांना शपथेवर सांगितलंय, भिंगरे. ती शपथ खोटी निघाली. ते मीच जाऊन सांगायला हवं."

आणि त्याने सांगितलं. मुलं बाईंच्या कचेरीच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. "बाई, गवत माझंच आहे. काल मला ठाऊक नव्हतं, आज या मुलांनी शोधून काढलं."

"आधी नाला साफ करा," बाई म्हणाल्या. "कामाचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी मामा, काका आणि मुलं नाल्यात उतरली. काय ते गवत! ओलं, चिकट, आतून वाफाळणारं. अर्धी ताडपत्री भरली, तरी गाठोडं जागचं हलेना. काका आज गात नव्हते. ठोंब्याने चक्क एकदाही बसायची परवानगी मागितली नाही. दुपारी बाई स्वतः पाहायला आल्या, तेव्हा सगळे चिखलाने माखले होते.

"दादा! बघ माझी ताकद!" चिंगी आपल्यापेक्षा मोठा भारा डोक्यावर घेऊन उतार चढत होती.

भिंगरी बघतच राहिली. तो भारा ढिगाऱ्याच्या कडेचा होता, उन्हात पसरलेल्या पातळ थराचा. पिवळा पडलेला, कुरकुरीत. तिने तो एका हाताने उचलून पाहिला.

"मामा! हेसुद्धा तेच गवत ना? मग हे इतकं हलकं कसं?"

"वाळलंय म्हणून. ओल्या गवतात निम्म्याहून जास्त पाणीच असतं."

"मग आपण डेपोत काय नेतो? पाणी? टेम्पो भरभरून पाणी?" भिंगरी जागच्या जागी उड्या मारायला लागली. "कापलं की मैदानाच्या कडेला पसरून ठेवायचं! ठोंब्याने उलथंपालथं करायचं! संध्याकाळी वाळलेलं भरायचं! मग चार खेपा कशाला लागतील? एकीत होईल सगळं!"

मामा आणि काका एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं कापायची घाई, भरायची घाई, पळवायची घाई. थांबून पाहावं, असं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"मीच का उलथंपालथं करायचं?" ठोंब्या कुरकुरला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"कडेची जागा मी देते," बाई म्हणाल्या. "आणि मैदानाचं कामही तुमच्याचकडे राहील. चुकणारे मला रोज भेटतात. स्वतः येऊन सांगणारा बऱ्याच वर्षांनी भेटला." मग त्यांनी मुलांकडे वळून पाहिलं. "आणि शोधून काढणारी ही फौज तर मला आमच्या कचेरीतच हवी होती. शाबास रे पोरांनो!"

काकांनी घाम पुसत भिंगरीला विचारलं, "ठमी गवतात तूच लपवलीस ना?"

भिंगरीची मान खाली गेली. "हो, काका. तुम्ही चिंगीला रडू देणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्याचाच फायदा घेतला मी. चुकलं माझं."

"तुझं कसलं चुकलंय?" काका म्हणाले. "रोज त्या गोदामाजवळ वळताना कुणी बघत नाही ना, म्हणून मागे वळून वळून बघायचो. सुटलो बघ एकदाचा."

मामाने तिला जवळ ओढलं. त्याचे चिखलाचे हात तिच्या पाठीवर उमटले. "भिंगरे, तू गप्प बसली असतीस, तर कदाचित कुणालाच कळलं नसतं. काम राहिलं असतं. पण मी त्या तळ्याकाठी मान वर करून कधी उभा राहू शकलो नसतो."

या दोन-तीन दिवसांची धाकधूक एकदम डोळ्यांवाटे बाहेर आली. भिंगरी मामाच्या सदऱ्यात तोंड खुपसून खूप रडली, आणि कधी नव्हे ती बराच वेळ एकाच जागी उभी राहिली.