मिठाच्या बर्फातली लस

"डबा म्हणतो चार अंश. मग बाटलीच्या तळाशी या गुठळ्या कसल्या? दोघांपैकी एक जण नक्की खोटं बोलतोय," थंडोबा म्हणाला.

थंडोबा म्हणजे शेवाळबंदरच्या लसघरातला यंत्रमानव. पोटात लसींचं कपाट, अंगावर सहा तापमापक आणि चाल अशी निवांत, की गावातल्या पोरांनी त्याचं बारसंच करून टाकलं. आज नेमकं त्याचं चाक अडकलं होतं. म्हणून सिस्टर रोझालिननी दहा वर्षांच्या शलाका तांडेलला ड्रोनतळावर लसीचा डबा आणायला पाठवलं होतं.

डबा आणून झाला होता, तरी शलाकाला चैन नव्हतं. ती खिडकीपाशी जायची, खाडीकडे बघायची, परत यायची. अकरा वाजले होते. बाराला भरती पुरी भरली की तिच्या बाबांची बोट घरच्या सगळ्यांना घेऊन निघणार होती, खोल समुद्रातल्या तरंगत्या शेतावर, शेवाळाच्या कापणीला. चार महिने मुक्काम, आणि तिथे दवाखाना नाही. गेल्या वर्षी तिथेच शेजारच्या तनूला न्यूमोनिया झाला होता. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडायचा. तनू वाचली, पण तो खळगा शलाका विसरली नव्हती. आणि आईच्या मांडीवर बसलेल्या नऊ महिन्यांच्या विहंगची तिसरी टोचणी अजून व्हायची होती.

"टोचा ना पटकन सिस्टर! गुठळ्या काय, हलवलं की जातील."

"बघूया जातात का," म्हणत सिस्टरनी ती बाटली जोरजोरात हलवली. मुदत संपलेली, नमुना म्हणून ठेवलेली दुसरी बाटलीही तशीच हलवली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "आता पंधरा मिनिटं हात लावायचा नाही."

पंधरा मिनिटं! शलाकाला ती पंधरा वर्षांसारखी वाटली. "एवढा कोण लागून गेलाय तो न्यूमोनियाचा जंतू?" ती वैतागून म्हणाली.

"न्यूमोकोकस त्याचं नाव," सिस्टर म्हणाल्या. "तो वायुकोशांत (फुप्फुसातल्या हवेच्या इवल्याशा पिशव्यांत) शिरला की तिथे पू आणि पाणी साचतं. मग हवेला जागा उरत नाही. न्यूमोनिया इतर जंतूंमुळेही होतो, पण हा त्यातला मोठा गुंड. अंगावर साखरेचा कोट घालून येतो."

"साखरेचा?"

"खायची नव्हे गं, साखरेच्या जातीच्या कणांची लांब साखळी. मोठ्या माणसाचं शरीर तो कोट ओळखून प्रतिपिंडं (जंतूला पकडून ठेवणारे कण) तयार करतं. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर मात्र त्या कोटाकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी कोटाचा तुकडा एका निरुपद्रवी प्रथिनाला जोडला. प्रथिन दिसलं की बाळाचं शरीर खडबडून जागं होतं आणि त्याच्यासोबतचा कोटही लक्षात ठेवतं. हिला संयुग्मित (जोडून बनवलेली) लस म्हणतात. दीड महिन्याला एक, साडेतीन महिन्यांना दुसरी आणि नवव्या महिन्यात ही वर्धक मात्रा (आठवण पक्की करणारी टोचणी)."

"वेळ संपली," थंडोबा म्हणाला.

नमुन्याची बाटली अजून दुधासारखी एकसारखी पांढरी होती. नव्या बाटलीत वर नितळ पाणी आणि खाली जाडसर साका. सिस्टरचा चेहरा उतरला. "ही गोठून वितळलीय. पण डब्याचा तापमापक तर चारच अंश दाखवतोय!"

शलाकाचे कान तापले. डबा आणि बाटली, दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं. गप्प बसलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण तिला स्वतःचाच राग आला आणि तिने सांगून टाकलं.

"डबा खरंच सांगतोय, सिस्टर. बाटली डब्यात नव्हती. ऊन खूप होतं ना... मी ती काढून धक्क्यावर बाबांच्या सुरमईच्या पेटीत पुरून ठेवली होती. सामान चढवू लागले, तोवर तासभर. इकडे येताना परत डब्यात घातली."

तांडेलांच्या घरात चालायला लागल्यापासून एकच शिकवण होती, बर्फ जितका जास्त तितका माल ताजा. बाबा तर बर्फात मीठही घालायचे.

"मिठाचा बर्फ शून्याच्याही खाली जातो," थंडोबा म्हणाला. "मासळीला तो मानवतो. या लसीला दोन ते आठ अंश हवेत, उष्ण नको आणि गोठलेलंही नको. लसीचा अंश ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांना चिकटलेला असतो. पाण्याचे स्फटिक बनताना ते कण एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्या गुठळ्या होतात. त्या हलवून सुटत नाहीत आणि लसीचा जोर जातो."

"म्हणजे विहूला ही टोचली असती तर..."

"टोचल्याची नोंद झाली असती. संरक्षणाचा मात्र भरवसा नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "दुसरी मागवते. ड्रोनला दीड तास लागेल."

दीड तास! शलाका चप्पल न घालताच धावत सुटली.

धक्क्यावर दोर सोडायची तयारी चालली होती. आठ खलाशी, भरलेलं सामान आणि मध्ये तिचे बाबा, सदा तांडेल. सगळ्यांसमोर, धापा टाकत, तिने पुरीच्या पुरी चूक सांगितली.

"भरती काय तुझ्यासाठी थांबतली?" बाबा कडाडले. "दिसाची भरती आज चुकली तर उद्याच निघूक गावतला. आठ माणसांचो दिस फुकट!"

"माका मारा, बाबा," शलाका रडत म्हणाली, "पण विहूक तसोच नेव नको. तनूचा आठवता ना?"

तनूला हातांवर घेऊन हेलिकॉप्टरपर्यंत बाबाच धावले होते. बाबांनी हातातला दोर परत खुंट्याला बांधला.

"सांगलंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "चल. उद्या जावया."

दुपारी दुसरा ड्रोन उतरला. या वेळी बाटलीला कुणी हात लावला नाही. गोठली तरी न बिघडणारी लस शास्त्रज्ञ शोधताहेत, असं सिस्टर सांगत होत्या. शलाकाने लगेच विचारलं, "मग तिच्यात लसीचा अंश कशाला चिकटवणार?" सिस्टर हसल्या. म्हणाल्या, तेच शोधायला अजून माणसं हवी आहेत.

सुई टोचली आणि विहंगने असं भोकाड पसरलं, की खिडकीवरचा कावळा उडाला. आई त्याला उगी उगी करू लागली, तर बाबांनी तिला थांबवलं.

"रडूंदे गो," ते म्हणाले. "बघ तरी, केवढो श्वास घेता तो."