मेलित्ताची मान

अक्रोपोलिसच्या कड्यावर पहाटेची तांबूस रेघ उमटली, अथेना देवीच्या मंदिराचे संगमरवरी खांब एकेक करून उजळू लागले, आणि एखाद्या परदेशी प्रवाशाने ती नगरी त्या घटकेला समुद्रावरून पाहिली असती, तर त्याने गलबताच्या नाळेवर उभे राहून हातच जोडले असते. पण अथेन्स दुरूनच पाहावे. तटाच्या आत पाऊल टाकले की नाकाला पदर लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाहेर स्पार्टाच्या फौजेने तळ ठोकून शेते जाळली होती. गावोगावची कष्टकरी माणसे बायकापोरांसह आत येऊन पडली होती. देवळांच्या ओवऱ्यांत, बुरुजांच्या पोटात, जिथे पाठ टेकायला जागा मिळेल तिथे संसार थाटले होते. आणि त्या संसारांतून ओकाऱ्या आणि जुलाबांची अशी साथ उठली होती की, अप्सरांच्या मूर्ती असलेल्या कारंज्यांच्या कडेलाही लोक बसत होते. कुणाला त्याची लाज उरली नव्हती.

असल्या घाणीला ग्रीकांच्या भाषेत एक भारदस्त शब्द होता, मियास्मा. म्हणजे विटाळ. मोरीतला नव्हे, देवाच्या कोपाने नगरीला लागलेला. आणि तो धुऊन काढण्यासाठी दुसरा शब्द होता, फार्माकोस. थार्गेलियाच्या सणाला एखादे कुरूप, दरिद्री, मागेपुढे कुणी नसलेले माणूस निवडायचे, त्याच्या गळ्यात अंजिरांची माळ घालायची, रानकांद्याने आणि अंजिराच्या फोकांनी त्याला बडवत वेशीबाहेर काढायचे, आणि नगरीचे सारे पाप त्याच्याबरोबर गेले असे समजून घरी येऊन जेवायचे. तत्त्वज्ञानावर पैजा लावणाऱ्या या शहाण्या लोकांना यात काहीही गैर वाटत नसे.

त्या वर्षीची फार्माकोस म्हणून मेलित्ता नावाच्या एका दळणवाल्या विधवेची निवड झाली. मेलित्ता म्हणजे मधमाशी. तिचा नवरा आरमारात वल्हेकरी होता, तो समुद्रातच राहिला. तिचे तोंड देवीच्या वणांनी भरलेले. नगरीच्या सरकारी कोठाराचे धान्य ती जात्यावर दळत असे, आणि तिचा थोरला मुलगा त्याच पिठाची भाकर खाऊन, ओकून ओकून गेला होता. त्याला पुरून ती अगोरात, म्हणजे भर बाजारपेठेत, उभी राहिली आणि ओरडली, “पिठात अळ्या आहेत! साथ देवाने धाडली नाही, कोठारातून आली आहे!” तिचा अपराध तो एवढाच.

कोठाराचा अधिकारी होता थ्रासीदेमोस. लोकांसाठी धाडस करणारा, असा त्या नावाचा अर्थ. आणि त्याचे धाडस म्हणाल तर असे की, समुद्राच्या पाण्याने भिजून काळा पडलेला गहू त्याने बिनदिक्कत चांगल्या गव्हात मिसळला होता आणि निवडक स्वच्छ पोती मागच्या दालनात बड्या घरांसाठी राखून ठेवली होती. मेलित्ताची ओरड कानावर येताच त्याने तेलेसियास या वृद्ध भविष्यवेत्त्याला आणि कोठाराच्या पहाऱ्यावरील नायक तिमांद्रोसला आपल्या वाड्यात बोलावले. दारे लावून खलबत सुरू झाले.

“आचार्य,” थ्रासीदेमोस आदबीने म्हणाला, “त्या बाईला नुसते हाकलून भागायचे नाही. चारचौघांनी तिचे शब्द ऐकले आहेत. तोंड दाबले असा बोभाटा होईल. सर्वांसमक्ष तिनेच मान्य केले पाहिजे की विटाळ तिचाच आहे.”

“आणि ती ते मान्य करील, असे आपल्याला वाटते?”

“बैल करतो की नाही?”

तेलेसियास चमकला. बळीच्या बैलाची संमती घेण्याचा तिथला शिरस्ता असा की, वेदीजवळ आणून त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडायचे. पाणी पडले की बैल मान झाडतो. तो हो म्हणाला, असे धरून मग सुरी चालवायची. आपल्याकडेही बोकडाने अंग झाडण्याची वाट पाहत उभी राहणारी मंडळी आहेत, तेव्हा ग्रीकांना हसण्यात अर्थ नाही.

“माणसाच्या बाबतीत असा प्रघात नाही, थ्रासीदेमोस.”

“आजवर नव्हता. देवाने आपल्याला काल स्वप्नात तशी आज्ञा केली.”

“मला तर तसे काही स्वप्न...”

“पडले, आचार्य. आपल्या कणगीत स्वच्छ गहू पडतो त्या आवाजात आपल्याला ते ऐकू आले नसेल.”

म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला आणि स्वप्न पडल्याचे कबूल केले. तिमांद्रोस भिंतीशी भाला टेकून उभा होता. भिजलेली पोती त्याच्याच पहाऱ्यात आत आली होती आणि त्याच्या घरच्या चुलीवरही स्वच्छ गव्हाचीच भाकर भाजली जात होती. तिमांद्रोस म्हणजे सन्मान्य पुरुष. तो सन्मान्य पुरुष गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी थ्रासीदेमोस स्वतः बंदिखान्यात गेला. कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन मेलित्ता बसली होती आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून तिची धाकटी लेक मिका झोपली होती. शिरस्त्याप्रमाणे फार्माकोसला आधी चांगलेचुंगले खाऊ घालायचे, म्हणून समोर चीज, सुकी अंजिरे आणि सातूची पोळी ठेवली होती. पोळीला तिने हात लावला नव्हता.

“मेलित्ताबाई,” तो मधाळ आवाजात म्हणाला, “उद्या आचार्य तुमच्या डोक्यावर पाणी घालतील. तेवढी मान हलवा. तुमच्या लेकीला नगरीच्या प्रितानेइऑनमध्ये, जिथे सेनापती आणि विजेते जेवतात तिथे, जन्मभर पान मांडले जाईल. माझा शब्द आहे.”

“आणि नाही हलवली तर?”

“मग तिच्याकडे कोण बघणार, हो? आई फार्माकोस म्हटल्यावर पोरीला कुणी दारात तरी उभी करील का?”

मेलित्ता पोरीच्या केसांतून बोटे फिरवत राहिली. तो उठून गेल्यावर तिने दाराशी उभ्या असलेल्या तिमांद्रोसला विचारले, “काय हो नायक, त्या प्रितानेइऑनला पीठ कुठून जातं?”

तिमांद्रोसने भाला या हातातून त्या हातात घेतला.

“कोठारातूनच ना? मी मान हलवली की सगळ्यांची खात्री पटली, विटाळ गेला म्हणून. मग उरलेली पोतीही दळली जाणार. माझी पोर ते जेवणार, दुसऱ्यांची पोरंही जेवणार. एक मुलगा मी असाच घालवला.” ती थांबली. “तुमच्याकडे काय जेवतात हो?”

तिमांद्रोस बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला स्वतःचीच किळस आली, आणि ती त्याला नवीन नव्हती. फक्त आजवर ती जेवणाच्या वेळेपर्यंत टिकत नसे.

थार्गेलियाच्या दिवशी ऊन चढल्यावर मिरवणूक निघाली. मेलित्ताच्या गळ्यात पांढऱ्या अंजिरांची माळ होती. अंजिरे पिकून फुटली होती, त्यांचा चिकट रस तिच्या छातीवरून ओघळत होता आणि माशा घोंगावत होत्या. अगोरातून केरामाइकोस या कुंभारवाड्याच्या वाटेने तिला फोकांनी झोडत नेण्यात आले. कालपर्यंत तिच्याकडून दळण नेणारी माणसे गच्चीवरून तिच्यावर खरकटे टाकत होती. थुंकी आधी कुणाची पडली तर शेजारच्या फिलिन्नाची, जिच्या बाळंतपणात मेलित्ता दहा दिवस तिच्या घरी राबली होती. धट्टेकट्टे पुरुष, एरवी सभेत न्यायनीतीवर तासतासभर बोलणारे, ओच्यात धोंडे घेऊन बरोबर चालत होते, कारण यंदा नुसते हाकलून देव प्रसन्न होणार नाही असे थ्रासीदेमोसने गल्लोगल्ली पसरवले होते. चेहऱ्याचेहऱ्यावर एकच अधाशीपणा होता. माणसाचे तोंड असे दिसू लागले की त्याच्याकडे पाहवत नाही.

दिपिलोन, म्हणजे दुहेरी दरवाजा, नगरीचा सर्वांत मोठा. त्याच्या आतल्या बाजूला, कोठाराच्या भिंतीला लागूनच वेदी होती. मेलित्ताला तिथे गुडघ्यांवर बसवण्यात आले. तिच्या मागे नायक म्हणून तिमांद्रोस उभा राहिला आणि विधीप्रमाणे त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. थ्रासीदेमोसने हात उंचावून गर्दी शांत केली आणि घोषणा केली, “नगरजनहो, देवाची आज्ञा आहे की संमतीवाचून हा बळी नगरीचा विटाळ नेणार नाही! तुमच्या डोळ्यांदेखत ती संमती देईल!”

तेलेसियासने झारी उचलली. “मेलित्ता, नगरीचा मियास्मा तू आपखुषीने वाहून नेतेस?”

पाणी तिच्या टाळूवर पडले, कपाळावरून डोळ्यांत आले. ती हलली नाही.

भविष्यवेत्त्याने पुन्हा विचारले, पुन्हा पाणी ओतले. ते तिच्या नाकात गेले. तिचा श्वास घुसमटला, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, एक माशी तिच्या पापणीवर बसली आणि डोळ्याच्या कोपऱ्याकडे चालत गेली; तरी ती मान जागची ढळली नाही. इतक्या वर्षांत या वेदीवर आणलेल्या एकाही जनावराला हे साधले नव्हते. तिसऱ्या खेपेला तेलेसियासने अख्खी झारी रिती केली. गर्दीतला गलका विरत गेला. मान न हलवणारा बळी कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे पुढे काय करायचे हे कुणाला ठाऊक नव्हते. बैल मान हलवतोच, म्हणून बाईही हलवणार, असे धरून चालणारा तो थ्रासीदेमोस आपल्याच घोषणेत अडकला होता.

तो तिमांद्रोसच्या कानाशी वाकला. “दाब. अंगठ्याने. कुणाला दिसणार नाही.”

तिमांद्रोसच्या तळव्याखाली तिची मान होती, ओली, अंजिराच्या रसाने चिकट, आणि आत एक शीर ताडताड उडत होती. नुसता अंगठा दाबायचा. मग घरी स्वच्छ गव्हाची भाकर, पदवी, पुढल्या वर्षी कदाचित सेनापतिपदही. त्याने हात उचलला, दोन पावले मागे सरकला, आणि सर्वांना दिसतील असे दोन्ही तळवे वर केले.

“नगरजनहो! मान हलली नाही! मला ती हलवायला सांगितले आहे, आणि मी ती हलवणार नाही!”

“फितूर!” थ्रासीदेमोस किंचाळला. “धरा त्याला!”

पण पहारा तिमांद्रोसच्याच माणसांचा होता. कुणी पुढे झाले नाही. सर्वांचे डोळे तेलेसियासकडे लागले. हा म्हातारा लोभी होता, खोटारडा होता, पण देवाला मात्र तो खरोखरच भीत असे. रिकामी झारी खाली ठेवून तो चिरक्या आवाजात म्हणाला, “संमती नाही. हा बळी देवाला पोचणार नाही.”

“का नाही देत ती संमती?” गर्दीतून कुणीतरी ओरडले.

मेलित्ताने आता मान वर केली. पाण्याने भरलेल्या नाकाने ती म्हणाली, “कोठार उघडा. वास घ्या. मग मला विचारा.”

किल्ली तिमांद्रोसच्या कमरेला होती. दार उघडताच जी दुर्गंधी बाहेर आली तिने पुढची रांग मागे रेटली गेली. त्याने तलवारीने पोते फाडले. काळा, बुरशीने गुठळ्या झालेला गहू बाहेर पडला, आणि जमिनीवर आल्यावर तो हलू लागला, कारण त्यात गव्हापेक्षा अळ्याच जास्त होत्या. दुसऱ्या पोत्यातून उंदराची पिल्ले निघाली, कुजून दाण्यांना चिकटलेली.

“हे मला ठाऊक होते,” तिमांद्रोस म्हणाला. “तुम्ही हे खात होता, आणि मी मागच्या दालनातले खात होतो.”

पुढे जे झाले त्याला न्याय म्हणवत नाही. मेलित्तासाठी ओच्यात आणलेले धोंडे थ्रासीदेमोसला मारले गेले. तो हात जोडत होता, मागच्या दालनाची किल्ली पुढे करत होता, बायकोचे दागिने देऊ करत होता. त्याच्या संमतीची पर्वा कुणालाच नव्हती. तो निपचित पडल्यावर लोक त्याला तुडवून मागच्या दालनात घुसले. स्वच्छ पोत्यांसाठी भाऊ भावाच्या अंगावर धावला. आणि ती पोती संपल्यावर तीच माणसे परत फिरून सडक्या गव्हाची पोतीही पाठीवर घालू लागली. चाळून घेऊ, असे एकमेकांना सांगत होती. फुकट मिळत होते ना.

दोन दिवसांनी नगरसभेने ठराव केला. तेलेसियासने भर सभेत सांगितले की थ्रासीदेमोसचा अंत देवाने त्याला आधीच स्वप्नात दाखवला होता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिमांद्रोसला ऑलिव्हचा मुकुट देऊ केला गेला, तो त्याने घेतला नाही. मेलित्ताला आणि तिच्या लेकीला प्रितानेइऑनमध्ये जन्मभर भोजनाचा मान मिळाला. तो निरोप पोचवण्यासाठी तिमांद्रोस तिच्या घरी गेला.

ती उंबऱ्यावर बसून केसांत अडकलेल्या अंजिराच्या बिया फणीने काढत होती. निरोप तिने ऐकून घेतला.

“सकाळी फिलिन्ना आली होती,” ती म्हणाली. “मधाची पोळी घेऊन. माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, आमची मेलित्ता म्हणजे देवी.”

“फेकून द्यायची होतीस तिच्या तोंडावर.”

“फेकणारच होते. पण पोर उपाशी होती हो, नायक.” तिची फणी थांबली. “मी आपल्या हाताने तिला भरवली. पोर मिटक्या मारत होती, आणि मला फिलिन्नाची ती थुंकी आठवून मागच्या दाराला जाऊन ओकावं लागलं.”

आत मिका बोटे चाटत बसली होती. पहाऱ्याची वेळ झाली म्हणून तिमांद्रोस दिपिलोन दरवाज्याकडे निघून गेला.