मधली जागा

बाईया ब्लांका बंदराच्या किनाऱ्यावरून निघालेल्या अकरा सायकलींचा तो नववा दिवस होता. दर जानेवारीत आमच्या गल्लीतल्या क्लबची ही टोळी पम्पाचं माळरान तुडवत थेट डोंगरापर्यंत जायची. आज ओरासियो आपणहून सगळ्यात मागे राहिला. "ए जाड्या, म्हातारा झालास की!" पुढून एस्तेलाने टोमणा हाणला, आणि बघता बघता दहाही जण उन्हाच्या झळांत दिसेनासे झाले.

मागून सामानाचा ट्रक घेऊन रुफिनो यायचा. ओरासियोला आज त्याला एकट्याला गाठायचं होतं.

गेल्या वर्षी याच पट्ट्यात ओरासियोच्या जोडीला रुफिनोची बायको नेलिदा होती. क्लबचा नियम असा, की जोडीतला एक ट्रकमध्ये बसला तर दुसऱ्यानेही बसायचं. "छाती भरून येतेय रे... ट्रक आला की थांबव," ती मागून म्हणाली होती. ट्रक आला. पण समुद्र ते डोंगर सगळं अंतर सायकलवरच कापायचं, हे खूळ ओरासियोच्या डोक्यात होतं. त्याने अंगठा वर केला, म्हणजे सगळं ठीक. रुफिनो हॉर्न देऊन पुढे गेला. अर्ध्या तासाने नेलिदा कडेच्या गवतात आडवी झाली, ती उठलीच नाही.

"ती काही बोललीच नाही," असं ओरासियोने सगळ्यांना सांगितलं. आणि बिचारा रुफिनो वर्षभर स्वतःलाच खात राहिला, आपण थांबलो का नाही म्हणून. ओरासियोला आता आरशात स्वतःचं तोंड बघवत नव्हतं.

भर दुपारी वारा पडला. पम्पात वारा असा पडत नाही. गवत हलेना, टायरची घरघरही ऐकू येईना. मग मागून ट्रक आला. ओरासियोने हेल्मेट थोपटून थांबायची खूण केली.

"काय रे, दमलास?" रुफिनोने काच खाली केली.

ओरासियोने रस्त्यात उभं राहूनच सगळं सांगून टाकलं, अंगठ्यासकट. शेवटी त्याला रडू फुटलं. "मला माफ कर, रुफिनो..."

रुफिनोने हात लांबवून पलीकडचं दार उघडलं. "सायकल मागे टाक. चढ." मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत तो हलकेच म्हणाला, "नेलिदा, सरक जरा... याला बसू दे."

ओरासियोने सायकल मागे टाकली. माणसाचं डोकं फिरलंय, आणि ते आपणच फिरवलंय. तो दाराला चिकटून बसला. दोघांच्या मधलं रेक्झिन खोल दबलेलं होतं. नेलिदा पायाला चोळायची त्या मलमाचा वास तिथून येत होता.

"माफी मला नको मागूस," रुफिनो म्हणाला. "तिला माग."

ओरासियोने त्या दबलेल्या जागेकडे बघून माफी मागितली.

रुफिनोने थर्मास उघडून येर्बाच्या पानांच्या काढ्याचं भांडं भरलं. वाफेने काच धुरकटली. त्याने हात लांबवून भांडं मधल्या जागेवरून पुढे केलं. आमच्याकडे हे एकच भांडं सगळ्यांत फिरतं, आणि जो नकोसा झाला त्याच्या हाती काढा गार येतो. तोंडाने कुणी काही बोलत नाही.

ओरासियोने भांडं धरलं. ते बर्फासारखं गार होतं.

"रुफिनो... हे गार आहे..."

"मी उकळतं ओतलं," रुफिनो म्हणाला आणि त्याने ट्रक चालू केला. "पी. नाही म्हणू नकोस तिला."

ओरासियोने भांड्यातल्या नळीतून तो कडू काढा शेवटच्या घोटापर्यंत ओढला. दात ठणकले. रिकामं भांडं परत द्यायला त्याने हात पुढे केला. रुफिनोचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर रस्त्यावर होती. भांडं ओरासियोच्या बोटांतून अलगद काढून घेतलं गेलं.