लाल टाचेचा जोड

अमेरिकेतल्या रॉकफर्डच्या मोज्यांच्या गिरणीत टेक्ला एकब्लाड बावीस वर्षं तपासनीस होती. लाकडी पायावर मोजा चढवायचा, उजेडाकडे धरायचा, एकदा फिरवून बघायचा, उतरवायचा. विणीचं घर सुटलेलं, धागा ओढलेला, टाच तिरकी बसलेली, असा एकही मोजा तिच्या हातून पुढे गेला नाही, असं गिरणीत सांगत. ती स्वतः सांगत नसे. स्वतःबद्दल चांगलं बोलणं त्या स्वीडिश वस्तीत चारचौघांत नाक शिंकरण्याइतकंच असभ्य समजलं जाई. दुसरं कुणी बोललं, तर मात्र ती शेवटपर्यंत ऐकून घेई.

गिरणीचा मोजा कष्टकऱ्याचा. तपकिरी-पांढऱ्या मिसळ सुताचा, टाच लालभडक. गावातली निम्मी माणसं लाकूडसामानाच्या कारखान्यांत आणि त्या सगळ्यांच्या बुटांत हाच मोजा. मंदीच्या वर्षांत खेळणी घ्यायला कुणापाशी काही नव्हतं, तेव्हा कुण्या आईनं जुन्या जोडाचं माकड शिवून पोराच्या हातात दिलं. ती आई कोण, याबद्दल गावात सात बायका अजून हयात होत्या आणि सातही ठाम होत्या. आता, म्हणजे १९५८ साली, प्रत्येक नव्या जोडासोबत माकड कसं शिवायचं याचा कागद गिरणीच घालत असे.

कागद सोपा होता. एका मोज्यातून डोकं, धड आणि पाय: बोटांकडचा भाग डोकं, लाल टाच बूड, वरचा भाग मधून चिरला की दोन पाय. दुसऱ्यातून दोन हात, शेपूट, कान, आणि त्याची लाल टाच कापून चेहऱ्यावर बसवली की तोंड. ओठांवरून काळ्या दोऱ्याची एक ओळ. माकड हसरं हवं असेल तर ओळीची टोकं वर वळवायची.

सेव्हन्थ स्ट्रीटच्या मागच्या चार गल्ल्यांत या कागदाला एक पुरवणी होती, ती छापलेली नव्हती. घरचा पुरुष गेला की बायकोनं त्याच्या शेवटच्या जोडाचं माकड करायचं. ओठांवरची ओळ दफनानंतर घालायची. मग ते नातवंडाला द्यायचं, नातवंड नसेल तर चर्चच्या जत्रेत. पाद्रीसाहेब याला खुळचटपणा म्हणत. त्यांच्या पुस्तकांच्या कपाटावर त्यांचे वडील शेपटीसकट बसलेले असत.

टेक्लाचा नवरा हिल्मर नक्षीकाम करणारा होता. पलंगाच्या डोक्याशी द्राक्षांचे घोस कोरायचा. हात हलका आणि जीभ पटाशीसारखी. एकतीस वर्षं त्यानं टेक्लाला रोज थोडं थोडं तासलं. तिची कॉफी म्हणजे साबणाचं पाणी, तिची चाल म्हणजे बर्फातलं बदक, तिची बहीण म्हणजे न आलेली आगगाडी. चारचौघांत बोलायचा, तेही इतकं छान बोलायचा की लोक हसायचे. टेक्लाही हसायची. न हसणं वाईट दिसलं असतं.

जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, टोपी घेतली आणि दारात म्हणाले, "दोन दिवस. फार तर."

टेक्ला कुठलंही काम अंगावर येऊ देणारी बाई नव्हती. पहिल्या दिवशी तिनं दफनानंतरच्या कॉफीसाठी सात प्रकारची बिस्किटं भाजली, काळ्या कपड्यांना इस्त्री केली, शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांची नावं काढली. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ती माकड शिवायला बसली.

हिवाळ्यात तीही बर्फातल्या रबरी ओव्हरशूजमध्ये हेच मोजे घाली. धुण्यात सरमिसळ नको, म्हणून वरच्या काठाला आतून गाठ मारलेली असे, हिल्मरच्या निळ्या दोऱ्याची, तिच्या पिवळ्या. शेगडीमागच्या दोरीवरून तिनं एक मोजा काढला, निळी गाठ पाहिली. दुसरा तिनं त्याच्याशेजारून न पाहता, हातानंच ओढला. बावीस वर्षं मोज्यांचे जोड लावले होते.

जुन्या नायलॉनच्या मोज्यांच्या चिंध्या तिनं धडात आणि पायांत दाबून दाबून भरल्या. हात दोन्ही बाजूंना घट्ट शिवले. कोटाची काळी बटणं डोळ्यांना लावली. आतल्या खोलीतून हिल्मरचा आवाज येत होता, जड, पण शब्द स्पष्ट.

"ही उशी कुणी भरली? तूच ना? तरीच. तुझ्या कॉफीसारखी, वर फुगा अन् आत काही नाही."

टेक्लानं ओठांवरची ओळ घातली. ती दफनानंतर घालायची असते हे तिला माहीत होतं. पण सुईत दोरा होता आणि दोरा वाया घालवणं तिच्यात बसत नव्हतं. तिनं शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

आत शांतता झाली.

ती पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून बसली. मग उठून त्याचे डोळे मिटायला आत गेली. हिल्मर डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होता. छाती वरखाली होत होती. ओठ घट्ट मिटलेले, मधोमध एक सरळ रेघ. दोन्ही हात अंगाला चिकटलेले.

तो मेला नाही. दोन दिवस गेले, दोन आठवडे गेले. बिस्किटं खावी लागली.

"विचित्र केस आहे," डॉक्टर म्हणाले. "असल्या झटक्यात अंगाची एक बाजू जाते. यांचे दोन्ही पाय हलतायत. हात आणि तोंड मात्र..." त्यांनी हिल्मरचा हात अंगापासून दूर करून पाहिला. चारेक बोटं सरकला आणि परत गेला. "तुम्ही कशा आहात, मिसेस एकब्लाड?"

"उत्तम," टेक्ला म्हणाली आणि ते खरं होतं. त्या वर्षी गावातली नदी काठापासून काठापर्यंत गोठली होती, पण तिला थंडी अशी वाजतच नव्हती. माकड शेगडीवरच्या फळीवर बसलेलं असे आणि टेक्ला बिनबाह्यांच्या झग्यात वावरे. भूकही लागत नसे, पोट कसं गच्च भरल्यासारखं वाटे. पायांत दोन दोन मोजे घातल्यासारखं होई, इतकंच. घरात आवाज फक्त घड्याळाचा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला आपली कॉफी आवडली.

सोमवारी सकाळी सिग्ने आली. ही हिल्मरची थोरली बहीण, चर्चच्या शिवणमंडळाची प्रमुख. दारातच बुटांचा बर्फ झटकताना तिची नजर फळीवर गेली.

"हे काय गं?"

"माकड."

"माकड मलाही दिसतंय. कुणाचं?"

टेक्लानं कॉफी ओतली.

"टेक्ला! माणूस आत श्वास घेतोय अन् तू त्याचं माकड करून बसलीस? लाज नाही वाटली? अन् तोंडही घातलंस!" सिग्नेनं माकड खाली घेतलं आणि मंडळात दुसऱ्यांचं काम तपासताना दाबायची तसं पोट दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

टेक्लाला जोराचा ठसका लागला. कॉफी टेबलावर सांडली.

"सावकाश पी. भरण मात्र छान झालंय हो. पण हे तोंड बघ. रेघ ओढल्यासारखं. माझा भाऊ असा होता? एवढा गमत्या माणूस!" बोलता बोलता तिनं पिशवीतून कात्री काढली आणि कोपऱ्यातले तीन टाके उसवले.

"साब..." आतून आवाज आला. "साबणाचं पाणी."

सिग्नेच्या हातातली कात्री पडली. ती आत धावली. टेक्ला धावली नाही. तिनं माकड उचललं, सुईत दुहेरी दोरा ओवला आणि तीन टाक्यांच्या जागी सहा घातले.

"बोलला गं! तू ऐकलंस ना? आता पुन्हा मिटलं बघ तोंड!" सिग्ने रडत बाहेर आली. "हे तुझ्या या माकडामुळेच. जिवंत माणसाचं माकड घरात ठेवतात? गुरुवारच्या आत उसव. मी त्या दिवशी सकाळी दहाला येईन बघायला. नाही उसवलंस, तर मी उसवीन, अन् मंडळात सांगेन."

"उसवते," टेक्ला म्हणाली.

सिग्ने गेल्यावर तिनं तपासणी केली. माकडाच्या डाव्या हाताला, कोपराच्या जरा खाली, टाचणी टोचली आणि आत जाऊन पाहिलं. हिल्मरच्या डाव्या बाहीवर, कोपराच्या जरा खाली, लाल ठिपका होता. उजव्या हाताला टोचली. ठिपका. खात्रीसाठी मनगटाला, तीन वेळा. तीन ठिपके. हिल्मर तिच्याकडे बघत होता.

पायांना तिनं टाचणी लावली नाही. जोडातला एक पाहिला म्हणजे दुसरा पाहिल्यासारखाच. गिरणीत हे तिनं कुणाला म्हणू दिलं नसतं.

पुढचे तीन दिवस तिनं विचार केला. हात आणि तोंड सुटं केलं की हिल्मर पलंगावर उठून बसेल आणि घड्याळाचा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही. तसंच ठेवलं तर सिग्ने येणार. उसवायचं तर होतंच. कुठून उसवायचं, हे सिग्नेनं सांगितलं नव्हतं. पोटातलं भरण आधी काढलं तर काय होईल, हे टेक्लानं स्वतःशीसुद्धा म्हटलं नाही. तपासनीसानं मत द्यायचं नसतं, मोजा फक्त बाजूला टाकायचा असतो.

गुरुवारी साडेनऊला तिनं मोठा टॉवेल टेबलावर अंथरला. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं. तेवढं तिला पाहायचं होतं.

"हिल्मर," ती म्हणाली, "तुझी बहीण म्हणते, उसव."

माकडाच्या दोन पायांमध्ये, भरण घालायला ठेवलेल्या जागी, तिनं कात्रीचं टोक घातलं. पाच टाके. सहा. मग दोन बोटं आत घालून पहिली चिंधी ओढली. लांब निघाली, फिकट, शेवटपर्यंत पीळ पडलेली.

तिच्या पायाला मुंग्या आल्या. ओणवी राहून येतात तशा.

दुसरी मूठ. तिसरी. आत हिल्मरची छाती वरखाली होत होती, आधी होत होती तशीच.

तिनं भराभर ओढायला सुरुवात केली. टॉवेलवर ढीग झाला. गुडघे दुमडले. तिनं टेबल धरायला हवं होतं, पण चिंधी सोडवेना. खाली जाता जाता तिच्याबरोबर ती चिंधीही निघाली, बरगड्यांखालची.

कुठे काही आपटल्याचा आवाज झाला नाही.

टेक्ला जमिनीवर होती. माकड तिच्या तोंडासमोर पडलं होतं, रिकामे पाय उलटे होऊन आतली बाजू वर आलेली. काठाला गाठ होती.

पिवळी.

दहाला सिग्ने आली. आधी ती किंचाळली, मग तिनं डॉक्टरांना फोन लावला, मग टेक्लाला ओढून भिंतीशी बसवलं. "अगं बाई, वजनच नाही हिला," ती म्हणाली. डॉक्टरांना बर्फातून यायला अर्धा तास लागणार होता. रिकाम्या हातांनी बसणं सिग्नेला पाप वाटे. तिनं अर्धवट उसवलेलं माकड उचललं.

"मधूनच सुरुवात केलीस होय! आधी हात काढायचे असतात गं."

तिनं हात काढले. मग कान आणि शेपूट. शेवटी लाल ओठ कडेकडेनं उसवले, मधली काळी ओळही ओढून टाकली.

आत पलंग करकरला. पावलं वाजली. हिल्मर दोन्ही हात चौकटीला टेकून दारात उभा राहिला.

"कॉफी आहे का," तो म्हणाला, "का तेच?"

सिग्ने देवाचं नाव घेत त्याच्या गळ्यात पडली. रडली, हसली, पुन्हा रडली. टेक्लाला ओरडायचं होतं. ओठ हलवायला गेली, तर हलवायला ओठ सापडेनात. तिथे नुसतं सपाट विणकाम असल्यासारखं लागत होतं.

"बिचारी," सिग्नेनं डोळे पुसले. "तुझं दुखणं हिनं घेतलं बघ. डॉक्टर येईपर्यंत मी एवढं आवरते. मोजा अजून चांगलाय, दोन टाके मारले की पायात जाईल." तिनं बटणं काढली. पहिलं निघालं तेव्हा स्वयंपाकघर अर्धं झालं. दुसरं घट्ट होतं. "राहू दे," ती म्हणाली. तिनं धडाचा मोजा मोरीतल्या गरम पाण्यात बुडवला, घोळला, आणि धुण्याच्या यंत्राचे पिळायचे दोन रूळ जवळ ओढले. मग काठाकडे पाहून थांबली.

"पिवळी गाठ? हिल्मर, तुझी निळी असते ना?"

हिल्मर खुर्चीवर बसला होता. त्याच्या दोन्ही बाह्यांवर मिळून पाच तपकिरी ठिपके होते. त्यानं कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि भिंतीशी बसवलेल्या टेक्लाकडे पाहिलं.

"पिवळी तिची," तो म्हणाला. "घट्ट पीळ, सिग्ने. पाणी राहता कामा नये."

सिग्नेनं मोज्याचं डोक्याकडचं टोक रुळांमध्ये दिलं आणि दांडा धरला.